दर हजारी पस्तीस

“येत नसेल तर ‘येत नाही’ म्हणा. नुसतं गप्प उभं राहू नका. गप्प राहणं हे काही उत्तर नव्हे.”

बावीस वर्षं झाली तरी हा आवाज शाल्मलीच्या कानात तसाच्या तसा होता, खडूच्या धुळीसकट. समुद्रपूरच्या शाळेतला आठवी ‘ब’चा वर्ग, डोक्यावर तापलेला पत्रा, खिडकीबाहेर कपाशीच्या पऱ्हाटीचं वाळत आलेलं शेत आणि फळ्याशी पाठमोरे उभे असलेले सर. सर म्हणजे तिचे बाबाच, दत्तोपंत. पण वर्गात ते बाबा नसत आणि ती शालू नसे. ती सव्वीस नंबर. सव्वीस, उभी राहा, समुद्राच्या पाण्यात मीठ किती? दर हजारी पस्तीस, सर. ऊन तापलं की? पाण्याची वाफ होते, सर. आणि मिठाची? मिठाची नाही होत, सर. मग ते वर्गाकडे वळत आणि ओवी सांगावी तसं लयीत सांगत : पाणी जातं, मीठ राहतं, लिहा, खाली रेघ मारा. साठ पट्ट्या एकदम वह्यांवर आपटत. ज्याला येत नसे त्याला ते मारत नसत. त्याच्या तोंडून ‘येत नाही, सर’ एवढे शब्द बाहेर पडेपर्यंत नुसते थांबत. शेजारच्यानं कुजबुजून सांगितलेलं त्यांना खपत नसे. ज्याला येत नाही त्यानंच म्हणायचं, दुसऱ्यानं नाही. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं, “सर, इथं समुद्र नाई, मंग आपल्या गावाले समुद्रपूर काऊन म्हणतेत?” सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ते मला येत नाही.” तेवढ्यात शाल्मलीला आपले बाबा फळ्याहून उंच झाल्यासारखे वाटले होते. समुद्र काही त्यांनी पाहिला नव्हता, तिनंही नव्हता, त्या वर्गात कुणीच नव्हता; पण पस्तीस हा आकडा सगळ्यांना पाठ होता, आणि आकडा पाठ असला की ती वस्तूही थोडी आपली होते असं त्या वयात वाटतं.

तो आवाज आत्ता आठवायचं कारण अगदीच एवढंसं होतं. पाडव्याच्या आधीच्या शनिवारी ती नोकरीच्या गावाहून, सावंगीहून, घरी आली होती, पुढच्या खोलीतली माशांची काचेची पेटी रिकामी करायला. चार फूट लांब, दीड फूट उंच, हिंगणघाटच्या वेल्डरकडून करून आणलेल्या लोखंडी घोडीवर ठेवलेली ती पेटी दोन वर्षं मेलेली होती. निदान घरात तसं धरून चाललेलं होतं. काच आतून हिरव्या-तपकिरी शेवाळानं भरून गेलेली, बाहेरून वरच्या कडेला पांढरी पापडी, कूलरच्या जुन्या गवतावर धरते तशी. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या भैयाजींनी ती काच मागितली होती. अक्षय्यतृतीयेला त्यांचं दुकान नव्यानं मांडायचं होतं आणि फरसाण ठेवायला त्यांना शोकेस हवं होतं. काच शाबूत आहे का हे बघण्यासाठी शाल्मलीनं दवाखान्याचं आपलं जुनं, मुदत संपलेलं ओळखपत्र घेतलं आणि त्याच्या कडेनं आतून शेवाळ खरवडायला सुरुवात केली. हाताच्या पंजाएवढी खिडकी उघडली. उगवतीकडच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप त्या खिडकीत शिरली, मागच्या दगडावर पडली. त्या दगडावर मसुरीच्या डाळीएवढं एक पीस उभं होतं. बारीक, तपकिरी, पंख्यासारखं उमललेलं. तिच्या डोक्याची सावली त्याच्यावर गेली आणि पीस गपकन खालच्या बारीक नळीत शिरलं.

झालं ते इतकंच. पण तिचा हात कोपरापर्यंत पाण्यात तसाच राहिला. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारी बाई ती. प्रयोगशाळेत तिच्या डोळ्याखाली जे जे हलायचं ते सगळं संशयित असायचं. हलणारं काही दिसलं की त्याचं नाव लिहून कागद वर डॉक्टरांकडे पाठवायचा, आणि मग कुणाच्या तरी घरी रडारड. काहीतरी हललं आणि त्याचा अर्थ चांगला असू शकतो, ही गोष्ट तिच्या बोटांना कित्येक वर्षांत ठाऊक नव्हती. तिनं श्वास धरला. सावली बाजूला केली. मनात वीसपर्यंत मोजलं. नळीच्या तोंडाशी आधी एक केस आला, मग दुसरा, मग लाजऱ्या सुनेनं पदराआडून बघावं तसं ते पीस हळूच बाहेर आलं.

“काय झालं?” खुर्चीतून दत्तोपंतांनी विचारलं. पेपर त्यांच्या तोंडासमोर होता.

“काही नाही, बाबा. काच चांगली आहे.”

पेपर खाली आला नाही. पानही उलटलं नाही.

ही पेटी अभिरामची. शाल्मलीचा धाकटा भाऊ, हिंगणघाटला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचा. मुंबईला कुणा मित्राकडे गेला असताना त्यानं कुठल्याशा दुकानात अशी पेटी पाहिली आणि घरी आला तो वेड लागल्यासारखा. दोन हजार एक साल असावं. ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले दगड थर्माकोलच्या खोक्यातून रेल्वेनं आले, सेवाग्रामला उतरले, तिथून एसटीच्या टपावर चढून समुद्रपूरला. दगड कसले, त्यांच्यावर गावंच्या गावं वसलेली होती. गुलाबी साय धरलेले, भोकाभोकांतून कुणी ना कुणी डोकावणारे. मिठाच्या गोण्या आल्या, त्यांच्यावर जहाजाचं चित्र. भगवे पट्टेरी दोन मासे आले. आणि एका दगडावर हिरवी, गोल, काठाला झालर असलेली इवली इवली तोंडं. त्यांना अभिराम ‘बटणं’ म्हणायचा. सकाळी ऊन आलं की बटणं उघडायची, ऊन गेलं की मिटायची. गाव लोटलं होतं बघायला. समुद्रपुरात समुद्र आला म्हणून लोक हसायचे आणि हसता हसता चपला बाहेर काढून आत यायचे. भांडी घासायला येणाऱ्या देवकाबाईनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं होतं आणि डोळे मोठे करून म्हणाली होती, “खरंच खारट हाय ना व माय!” आणि मग, काय सुचलं कोण जाणे, तेच बोट कपाळाला लावलं होतं. बाबा मात्र दारात उभे. “पेटीत मावतो तो समुद्र नव्हे,” एवढंच म्हणाले. अभिरामनं शाळेत लागावं, आपली खुर्ची त्याच्याकडे जावी असं त्यांच्या मनात होतं. अभिरामच्या मनात तसं काही नव्हतं. त्या दोघांमध्ये ती पेटी निळी उजळून असायची आणि दोघंही एकमेकांशी बोलताना पेटीकडे बघून बोलायचे. पण शाल्मलीनं एकदा पाहिलं होतं. अभिराम घरी नसताना बाबा स्टूल ओढून काचेला नाक लावून बसले होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. काही मोजत होते की काही विचारत होते, हे तिला कळलं नाही.

मग दोन हजार पाचच्या मार्चात अभिराम मस्कतला गेला. नोकरी चांगली होती, जाणं घाईचं होतं, आणि निरोपाच्या वेळी बाप-लेक दोघांनाही बोलायला जमलं नाही. एसटीच्या पायरीवर उभं राहून, कंडक्टरनं घंटी मारल्यावर, त्यानं ओरडून सांगितलं, “बाबा, पेटीतलं पाणी रोज कमी होईल, तेवढं भरत जा!” बाबांनी मान हलवली. गाडी गेली. मे महिन्यात आधी एक मासा गेला, चार दिवसांनी दुसरा, मग दगडांवरची गुलाबी साय पांढरी पडली आणि बटणं मिटली ती मिटलीच. दिवाळीत अभिराम आला, पिशवी खांद्यावरून न उतरवता पेटीसमोर उभा राहिला. “तुम्ही मुद्दाम केलंत,” तो म्हणाला. “तुम्हाला नकोच होती ती. मुद्दाम मारलंत.” शाल्मली स्वयंपाकघराच्या दारात होती, हातात करंज्यांचं ताट. तिनं बाबांकडे पाहिलं. त्यांनी ‘नाही’ म्हणावं म्हणून ती थांबली. बाबा गप्प उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं अभिराम परत गेला, आणि तेव्हापासून बाप-लेकात एक शब्द नाही. दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो तो शाल्मलीच्या मोबाइलवर; ती तो घेऊन ओसरीवर जाते; आत बाबांचा पेपर वर जातो. दीड वर्ष. या दीड वर्षात तिनं स्वतःला शंभरदा विचारलं होतं, केलं असेल का यांनी मुद्दाम? आणि उत्तर न सापडण्यापेक्षा जास्त भीती तिला ते सापडण्याची वाटत होती. आई असती तर तिनं दोघांना एका ताटात जेवायला बसवून सोडवलं असतं. आई नव्हती. ताटं वेगळी होती. आणि आता त्या दगडावर एक पीस जिवंत होतं.

सोमवारी प्रयोगशाळेत ती काम करत होती खरी, पण मन त्या पंजाएवढ्या खिडकीत होतं. कोण असेल ते? काय खात असेल? सगळे गेले तेव्हा हे कसं राहिलं? दुपारी तिनं लघवीच्या तपासणीच्या टेबलावरचं काचेचं तरंगतं उचललं. बोटाएवढं, पोटात शिसं, वर बारीक नळी, नळीवर आकडे. लघवी किती दाट आहे हे ते तरंगून सांगतं. जड पाण्यात वर, हलक्या पाण्यात खाली. साधं पाणी एक हजार, प्रयोगशाळेच्या बोलीत दहा-शून्य, माणसाचं बहुधा दहा-वीसच्या आसपास. आणि समुद्राचं? तिनं वाचनालयातून पुस्तक काढून बघितलं. दहा-पंचवीस. तिला हसू आलं. म्हणजे समुद्र आणि माणूस यांच्यात पाच रेघांचं अंतर. कपाटातलं एक जुनं तरंगतं प्रमुखांना विचारून तिनं रुमालात गुंडाळलं आणि पुढच्या शनिवारी हिंगणघाट आणि जाम ही गावं करत एसटीनं समुद्रपूरला नेलं. गाडी खड्ड्यातून गेली की ती पर्स दोन्ही हातांनी उचलून धरायची. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, “अंडे हायत का व?” “हो,” ती म्हणाली. दुसरं काय सांगणार.

“हे काय?” बाबांनी चष्मा वर केला.

“लघवी मोजायचं आहे ते.”

“कुणाची?”

“समुद्राची.”

बाबा हसले. किती दिवसांनी हसले, पण त्या हसण्याच्या शेवटी त्यांचा चेहरा एकदम बंद झाला आणि ते उठून मागच्या अंगणात गेले, तुळशीला पाणी घालायला. तुळशीला सकाळीच घातलं होतं.

तरंगतं पाण्यात सोडलं. ते डुललं, कलंडलं, सरळ झालं. दहा-चौतीस. तिनं पुसून पुन्हा सोडलं. दहा-चौतीस. पाणी इतकं जड होतं की काचेचं ते बाळ त्यातून मान काढून बघत होतं. एवढं मीठ आलं कुठून? पाणी उडून मीठ राहिलं म्हणावं तर पेटी पाव तरी रिकामी व्हायला हवी होती. ती तर काठोकाठ होती. आणि तेव्हाच तिला बाहेरच्या काचेवर खडूची रेघ दिसली. पाण्याच्या पातळीला समांतर, फूटपट्टी लावून मारलेली. पेटीच्या अंगावर दोन वर्षांची धूळ होती. रेघेवर धूळ नव्हती.

रविवारी भैयाजी काच मोजायला आले. टेप नव्हता, विती घालत घालत चार फुटांवरून गेले. “बढिया. मजबूत माल हाय. कवा खाली करून देता बाई?” शाल्मली म्हणाली, जरा थांबावं लागेल, आत काहीतरी जिवंत आहे. भैयाजींनी वाकून पाहिलं, काही दिसलं नाही, पण माणूस दिलदार. “राहू द्या मंग. जीव हाय त कायले घाई? अक्षय तीजपर्यंत पाहा. नाईच जगला त मंग मी हायच.” आणि जाता जाता, दाराशी चपला शोधताना, सहज, “गुरुजीनं बी लय केलं पा या पेटीसाठी. अभिभाऊ गेलते ना परदेशात, तवा रोज सकायी माया दुकानात येत. आपलीच मिठाची पिशवी आणत, जहाजाच्या चित्राची. मले म्हणत, भैयाजी, सोन्याच्या काट्यावर तोलल्यावानी पस्तीस गिराम तोल. ना चौतीस, ना छत्तीस. एक तांब्या पाण्याले एक पुडी. दोन पुड्या रोज बांधून देत होतो ना मी. म्या म्हटलं, गुरुजी, हे कोनतं औषध होय? त म्हणे, औषध नाई बाबू, भूगोल होय.”

भैयाजी हसत गेले. शाल्मली उंबऱ्यात उभी राहिली. समोर रस्त्यावर कुणीतरी सायकलवरून कडबा नेत होतं, त्याची काडी न् काडी तिला वेगळी दिसत होती. दर हजारी पस्तीस. पाणी जातं, मीठ राहतं. उडालं ते नुसतं पाणी. त्याच्या जागी नुसतं पाणीच घालायचं असतं. आणि बाबा रोज सकाळी, त्या कोरड्या तापत्या दिवसांत, उडालेल्या प्रत्येक तांब्यामागे समुद्राचा तांब्या घालत होते. मोजून. चौतीस नाही, छत्तीस नाही. निष्काळजीपणानं नव्हे, रागानं नव्हे. साऱ्या गावात दुसऱ्या कुणाकडून अशी चूक होणंच शक्य नव्हतं. कुणी अडाणी माणसानं विहिरीचं गोडं पाणी ओतलं असतं आणि मासे पोहत राहिले असते. पस्तीस हा आकडा पाठ असणारा एकच माणूस होता, आणि त्याला तो इतका पाठ होता की खाली रेघ मारलेली ओळ त्या दोन महिन्यांत त्याला दिसली नाही. तिला हसावं की रडावं कळेना, आणि दोन्हीच्या मध्ये कुठेतरी तिच्या छातीतून दीड वर्षाचा दगड हलला. मुद्दाम नव्हतं. तिनं मोबाइल हातात घेतला. अभिला आत्ता, या क्षणी सांगावं. बोट बटणावर होतं. आणि तो आवाज आला, खडूच्या धुळीसकट : ज्याला येत नाही त्यानंच म्हणायचं. दुसऱ्यानं नाही.

पण त्यांना कळलं होतं का? की अजूनही ते त्या पस्तीसावरच उभे होते? मागच्या अंगणात देवकाबाई राखेनं भांडी घासत होती, घासता घासता गुणगुणत होती. तिची गाणी तिचीच असत, हाताला येईल त्या भांड्यावर रचलेली.

दूरदेशीचं गं पानी, उभं काचेच्या घरात,
लेक वाकून पाह्यते, बाप थांबला दारात.

“देवकाबाई, पेटीत पाणी कोण घालतं?”

“गुरुजी. दुसरं कोन?” तिनं हात न थांबवता सांगितलं. “साधंच पानी, दोन तांबे. मासे मेले ना, त्याच्या दुसऱ्या रोजपासून. महादेवाले घालतेत तसे घालतेत, थेंब थेंब. आन लाइन गेली का ते पानी फिरवाचं मशीन बंद पडते ना, त मंग लाकडी डाव घेऊन पानी ढवयत बसतेत. तास तास. म्या म्हटलं, गुरुजी, मेलेल्या पान्याले कायले ढवयता? त ढवयतच रायले.” तिनं भाताचा गंज उपडा घातला, आणि खालच्या आवाजात, “सांगजो नोको मी सांगतलं म्हनून.”

म्हणजे कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. भारनियमनाच्या आठ आठ तासांत, घामानं निथळत, त्या म्हाताऱ्या हातांनी समुद्राला लाटा दिल्या होत्या, आणि त्याच लाटांवर ते मसुरीएवढं पीस जगलं होतं. मग दिवाळीत, अभि विचारत असताना, गप्प का उभे राहिलात बाबा? हा प्रश्न तिनं विचारला नाही. तिनं फक्त जेवताना, वरणात भात कालवत, इतकंच सांगितलं, “बाबा, उद्यापासून रोज तीन तांबे पाणी काढायचं आणि तीन तांबे साधं घालायचं. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड पाणी आणून ठेवलंय. एकदम नाही, हळूहळू. आतल्यांना सवय व्हायला वेळ लागतो.” आयुष्यभर प्रत्येक वाक्यापुढे ‘का?’ लावणाऱ्या त्या माणसानं ‘का’ विचारलं नाही. ताटातली मिठाची चिमूट बोटानं एका कडेला सारली. “बरं,” म्हणाले.

पुढचे दोन शनिवार ती यायची ती आधी पेटीकडे जायची, चप्पल काढता काढता. दहा-एकतीस. दहा-एकोणतीस. काचेवरची खिडकी आता हातभर झाली होती. खरवडायचं काम बाबांनी मागून पुढे नेलं होतं, तिच्याच ओळखपत्रानं, आणि तिचा जुना फोटो पाण्यात भिजून निळा पडला होता. पाणी जसजसं हलकं होत गेलं तसतसे एकेक जण दारं उघडू लागले. काचेवर पांढरे ठिपके धावायचे, सुईच्या टोकाएवढे, थांबायचे, पुन्हा धावायचे. एका भोकातून पांढरा दोरा लांबच लांब बाहेर यायचा, वाळूवर चाचपायचा, एक कण उचलून माघारी ओढायचा. आंधळ्या आजीनं अंथरुणाभोवती तपकिरीची डबी शोधावी तसा. एका सकाळी दगडाच्या बेचक्यातून पाच केसाळ बोटं दिसली आणि शाल्मलीनं इतक्या जोरात “बाबा!” म्हटलं की देवकाबाई राखेच्या हातांनी धावत आली. बाबांनी शाळेतलं भिंग काढलं, नकाशे वाचायचं. दोघं पाळीपाळीनं बघायची. “ह्याला तोंड कुठाय?” बाबा विचारायचे. “येत नाही,” शाल्मली म्हणायची. “ह्याला डोळे असतील का गं? सावली कळते म्हणजे काहीतरी असणार.” “तेही येत नाही.” दोघं हसायची, आणि दर वेळी तो शब्द उच्चारला गेला की बाबांची नजर क्षणभर खाली जायची, एवढ्या सगळ्या नव्या गोष्टींत ती एक जुनी गोष्ट तिला दिसत राहायची. खूप जवळ आलेली, आणि सावली पडली की नळीत शिरणारी. तिनं सावली पडू दिली नाही. मनात वीसपर्यंत मोजायचं, तिनं ठरवलं होतं.

अक्षय्यतृतीयेच्या आधीच्या रविवारी सकाळी साडेआठला ऊन झरोक्यातून आलं, दगडावर चढलं. तरंगतं दहा-सत्तावीसवर उभं होतं. दोन वर्षं चामखिळीसारखी मिटून राहिलेली बटणांची तपकिरी बोंडं त्या उन्हात बसली होती. तिनं त्यांच्यावरची आशा कधीच सोडली होती. त्यातल्या काठच्या एकाला जरा फुगवटा आला होता. ती बघत राहिली. फुगवट्याच्या मधोमध हिरवा टिपका दिसला. टिपक्याची चीर झाली, चिरेचं वर्तुळ झालं, आणि काठाला एकेक करून झालरीचे धागे बाहेर पडले, आळस दिल्यासारखे. शर्टाच्या गुंडीहून लहान. हिरवंगार. तिच्या मागे खुर्ची करकरली. बाबा उठून उभे राहिले होते, पुढे मात्र आले नाहीत.

तेवढ्यात फोन वाजला. रविवार. अभिराम.

सवयीनं तिचा पाय ओसरीकडे वळला आणि तिनं तो परत आणला. पेटीसमोर उभी राहूनच तिनं फोन घेतला, स्पीकरचं बटण दाबलं. “अभि, तुझं एक बटण उघडलंय.”

पलीकडे मस्कतमधली वाहतूक ऐकू येत होती. मग ती दारामागे बंद झाली. “कुठलं बटण?”

“हिरवं. काठचं. आत्ता. मी बघतेय त्याच्याकडे.”

“थट्टा करू नको हं, ताई.” आवाज एकदम दहा वर्षांनी लहान झाला होता. “कसं शक्य आहे? दोन वर्षं... कोणी बघितलं त्यांच्याकडे? कोणी केलं?”

उत्तर शाल्मलीच्या जिभेवर होतं, दर हजारी किती ते सगळ्या आकड्यांसकट. फोन तळहातावर आडवा धरून ती तशीच उभी होती, कुणाकडे न बघता, त्या हिरव्या टिपक्याकडे बघत. आणि मनात मोजत होती. सात. आठ. अकराला मागून पावलांचा आवाज आला. दत्तोपंतांनी फोन तिच्या हातातून घेतला, उलटा धरला, सुलटा केला. चष्मा काढून खिशात ठेवला. आणि ते सरळ उभे राहिले, दुसरा हात मांडीला चिकटवून, बाकाशेजारी उभं राहावं तसे.

“अभिराम.”

पलीकडे खुर्ची सरकली.

“तू बसच्या पायरीवरून सांगितलंस, पाणी भरा म्हणून. कुठलं, ते मी विचारलं नाही. भूगोलाच्या मास्तरनं काय विचारायचं? रोज मीठ मोजून घातलं रे मी. दोन महिने. मासे गेले त्या दिवशी आठवीचं पुस्तक काढून पाहिलं. माझ्याच हातची रेघ होती त्या ओळीखाली.” “तू दिवाळीत म्हणालास, मुद्दाम केलंत. मी ऐकून घेतलं. तीस वर्षं पोरांना उभं करून म्हणायला लावलं, आणि माझ्या पाळीला...”

पेटीतलं पीस बाहेर आलं होतं, बटण उघडं होतं, मशीन चालू होतं.

“मुद्दाम नव्हतं, बाळ,” दत्तोपंत म्हणाले. “मला येत नव्हतं.”